दुखतोय तेवढाच दात

आमच्या घरात माणसं दोन आणि जबडे शेकड्यांनी. माझा नवरा कवळ्या बनवतो. मागच्या खोलीत त्यांचं काम चालतं. भिंतभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, टेबलावर मेण, कानशी आणि दातांचे डबे. गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणतात. मी रागात असले की मीही म्हणते, म्हणजे बहुतेक वेळा म्हणतेच.

मी स्वतः गाडी चालवायला शिकवते. शिकाऊच्या शेजारी बसायचं, बोलत राहायचं आणि पायाखाली एक जादा ब्रेक ठेवायचा, हा माझा धंदा. त्यामुळे मला सगळं जग जरा जास्तच वेगात जाताना दिसतं. कवळीवाले सोडून. ते मुळात कुठे जातच नाहीत.

आणि आम्हा दोघांवर देखरेख करायला एक बोका. पिल्लू असताना हा मागच्या खिडकीतून आत उतरला, प्लास्टरच्या पोत्यावर बसला आणि कवळीवाल्यांच्या हातांकडे असा बघायला लागला की काम चुकलं तर आता खाडाच लावील. म्हणून त्याचं नाव मुकादम. अंगाने काळाकुट्ट, पायांत मात्र कायम पांढरे मोजे. ते मोजे नव्हेत, प्लास्टर. रोज पुसायचे आणि रोज भरायचे. लेक शिकायला म्हणून परगावी गेली आणि तिथेच नोकरीला लागली, तेव्हापासून या घरात लाड करून घेणारं माणूस हेच. माणूसच म्हणते मी.

वर्षातून एकदा मी त्याला सुई टोचायला नेते. यंदा दवाखान्यात जुने डॉक्टर नव्हते. त्यांच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती आणि तिला मी लगेच ओळखलं, कारण तिला गाडी मी शिकवली होती. चढावर थांबवली की ही मागे यायची. एकदा माझ्या गाडीचा आरसा तिने खांबाला घासला होता. तिच्या हातात आता माझा मुकादम द्यायचा होता.

"मॅडम, तुम्ही!" ती उठून उभी राहिली.

"मीच. आणि हा मुकादम. गाडी नीट चालवतेस ना?"

"चालवते. चढ टाळते," ती म्हणाली.

निदान खोटं बोलत नाही, असं मी मनात म्हटलं.

जुने डॉक्टर सुई टोचायचे, पाठ थोपटायचे आणि मोकळे व्हायचे. हिने वजन केलं, कान पाहिले, पोट चाचपलं, छातीला नळी लावून डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिली. मग एका हाताने त्याचं डोकं धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने ओठ जरासा वर केला. मुकादमने असा काही हिसका दिला की टेबल हललं.

"कधीपासून आहे हे?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"या, बघा."

मी वाकून पाहिलं. हिरड्या लालभडक आणि सुजून दातांवर चढलेल्या. मागे एका दाताचा नुसता खुंट उरला होता, त्याच्या शेजारच्या दाताला बुडाशी खड्डा. वासही येत होता. तो वास मला ओळखीचा होता. मी इतके दिवस त्याचं खापर पाकिटातल्या मासळीच्या दाण्यांवर फोडत होते.

"याला खाता येतं?"

"येतं की. वाटी चाटूनपुसून साफ करतो."

"खातो काय?"

"पाकिटातले दाणे. रोज सकाळी मीच वाटी भरून जाते."

ती माझ्याकडे बघत राहिली. 'इंडिकेटर दिला होता मॅडम' असं म्हणणाऱ्या शिकाऊकडे मी बघते, अगदी तशी.

"मॅडम, या तोंडाने दाणे फुटणार नाहीत. दातांची मुळं आतून विरघळतायत. माणसाला असं झालं तर तो रात्रभर येरझाऱ्या घालेल. मांजर दाखवत नाही. उपाशी राहण्यापेक्षा ते दुखत दुखत खातं."

म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी मुकादमकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. छातीत ठोक्याबरोबर एक जादा आवाज येत होता. म्हातारपणी काही मांजरांना येतो, कधी त्याचं काही नसतं, कधी असतं. दात काढायचे तर पूर्ण भूल द्यावी लागणार आणि अशा हृदयाला भूल म्हणजे जोखीम. एकतर दुखणं कमी करायचं औषध आणि मऊ खाणं देत, तो आहे तसा त्याला सांभाळायचा. किंवा हृदय तपासून घेऊन खराब दात काढून टाकायचे. आणि अगदीच मनात असेल तर मोठ्या शहरात फक्त जनावरांच्या दातांचा डॉक्टर आहे, तो सुळ्यांची मुळं साफ करून ते वाचवूनही देतो.

"भुलेतून उठला नाही तर?" मी विचारलं.

"तसं होऊ शकतं," ती म्हणाली. "बहुतेक होणार नाही. पण होऊ शकतं."

घरी येताना मी पिंजऱ्यातल्या मुकादमशी सबंध रस्ताभर बोलत होते. शिकाऊंशीही मी घाबरले की जास्त बोलते.

दाण्यांचं कोडं दुसऱ्या सकाळी सुटलं. मी वाटी भरली, गाडीची किल्ली वाजवली, दार उघडून बंद केलं आणि बाहेर न जाता आतच उभी राहिले. कवळीवाले उठले. वाटी उचलून मागच्या खोलीत गेले. प्लास्टर कालवायची रबरी वाटी असते ना, तसली एक त्यांनी वेगळी ठेवली होती. तिच्यात दाणे ओतले, कोमट पाणी घातलं आणि पातीने घोटायला लागले. गुठळी राहू नये म्हणून वाटीच्या कडेला दाबून दाबून, जसं प्लास्टर घोटतात तसंच. मुकादम पोत्यावर बसून वाट बघत होता.

"हे काय चाललंय?" मी दारातून ओरडले.

ते दचकले नाहीत. ते कधी दचकत नाहीत, त्याचाच मला राग येतो. "अगं, दाणे तोंडातून खाली पाडायला लागला होता. म्हातारा झालाय. नवी कवळी टोचते तेव्हा लोकांनाही आपण सांगतोच ना, थोडे दिवस मऊ खा म्हणून."

"किती दिवस चाललंय हे?"

"झालं असेल वर्ष."

"वर्ष! आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू म्हणाली असतीस लाड करतो."

ते खरंच होतं, म्हणून मी आणखी चिडले. "अहो, जन्म गेला तुमचा दातांत. रोज शंभर जबडे हातातून जातात आणि घरातल्या मांजराचं तोंड एकदा उघडून बघता आलं नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

ते रबरी वाटी हातात धरून उभे राहिले. "मी तोंडात कधी बघतच नाही गं," ते म्हणाले. "तोंडात डॉक्टर बघतात. माझ्याकडे साचा येतो."

इतकी वर्षं संसार केला आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खरंच की. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवतात, हे त्यात प्लास्टर ओततात आणि त्या पांढऱ्या जबड्यावर काम करतात. जिवंत, दुखणारं तोंड त्यांच्यासमोर कधी आलंच नाही. लोकांना ते मऊ खायला सांगतात ते फोनवरून.

संध्याकाळी लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती तर पेटलीच. "मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडे न्या. हृदयाचं सगळं करून घ्या. सुळे वाचवा. आई, बिनसुळ्यांचा मुकादम कसा दिसेल?"

"त्याला आरशात बघायची सवय नाहीये," मी म्हटलं.

"बाबा काय म्हणतात?"

बाबांचं म्हणणं ठरलेलं होतं. भूल नको, काही नको. खातोय, झोपतोय, चाललंय ना? मऊ खायला मी घालीन, मरेपर्यंत घालीन. उठलाच नाही तर काय करायचं? आणि दात काढून तो जगणार तरी कसा? तोंडावर हात धरून बोलणारी माणसं त्यांनी पाहिली होती. कवळी तयार होईपर्यंत लग्नसमारंभाला न जाणारी, नातवंडांसमोर न हसणारी. मुकादमला काही कवळी बसवता येणार नव्हती.

"दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत," मी म्हटलं. "याला चणेही नकोत आणि दातही नकोत, याला फक्त दुखायला नको आहे." हे मी बोलले ठसक्यात, पण माझंही काही ठरलं नव्हतं. डॉक्टर म्हणेल ते करू, एवढंच मी धरून बसले होते, आणि डॉक्टर म्हणजे चढ टाळणारी मुलगी.

मग कवळीवाल्यांनी जे केलं ते जगात दुसऱ्या कुणी केलं नसतं.

दुपारी एक धडा संपवून मी घरी आले, चपला काढतेय तोच मागच्या खोलीतून एक आवाज आला. मांजराचा आवाज मला माहीत आहे, भांडणाचाही माहीत आहे. हा तसा नव्हता. मी धावले. कवळीवाले खाली बसले होते, मांडीवर टॉवेल, चष्म्याच्या काचेवर आणि मिशीत गुलाबी लगदा. फळीवरचे चारपाच जबडे फुटून पडलेले. मुकादम सगळ्यात वरच्या फळीवर, उरलेल्या जबड्यांच्या मागे, शेपटी फुगवून. त्याच्याही हनुवटीला गुलाबी.

"काय केलंत?"

"साचा घेत होतो," ते म्हणाले.

प्लास्टरच्या जबड्यांची नक्कल काढायला त्यांच्याकडे एक गुलाबी पावडर असते. पाण्यात कालवली की लोण्यासारखी होते आणि बघता बघता रबरासारखी घट्ट. बोक्याला टॉवेलात गुंडाळून त्यांनी तो लगदा चमच्यावर घेतला होता आणि त्याच्या तोंडात धरला होता. का, तर डोळ्यांसमोर जबडा आल्याशिवाय त्यांना काही ठरवता येईना.

"अहो, तुम्हाला वेड लागलंय का? चावला असता तर?"

"चावला ना," ते म्हणाले. "म्हणूनच तर आला साचा."

त्यांच्या मुठीत तो घट्ट झालेला गोळा होता. माझ्याकडे न बघता त्यांनी प्लास्टर कालवलं, त्यात ओतलं आणि टेबलाशी बसून राहिले. मी मुकादमला खाली उतरवायला स्टूल आणलं. तो माझ्याकडे आला, पण माझ्या खांद्यावरून कवळीवाल्यांकडे बघत राहिला आणि ते जरा हलले तसा सुटून खोलीबाहेर पळाला.

प्लास्टर वाळल्यावर त्यांनी गोळा सोलून काढला. बोटाच्या पेराएवढा जबडा. डावीकडे दात स्वच्छ, टोकदार उमटलेले. उजवीकडे नुसता उंचवटा. दात टेकलेच नव्हते. आणि सोललेल्या गुलाबी सालीवर त्याच बाजूला रक्ताची एक रेघ.

"उजवीकडे चावतच नाही हा," ते म्हणाले. त्यांना माणसांचे जबडे वाचता येतात. कुणी एका बाजूने जेवतं, कुणी झोपेत दात खातं, सगळं सांगतात. "तोंड मिटायचं तर त्याला वाकडं करून मिटावं लागतं. बरेच दिवस झाले असतील. बघ, इथे घासलंय."

मी तो जबडा उजेडात धरला.

"आणि ओरडला गं," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं जबड्यांवर कानस चालवतो. प्लास्टर कधी ओरडलं नाही." चष्म्यावरचं गुलाबी त्यांनी पुसलंच नव्हतं. मी पदराने पुसलं.

त्या दिवसापासून घरातल्या बाजूच पालटल्या. कवळीवाले म्हणायला लागले, काढा ते दात, उद्याच्या उद्या काढा, मी वर्षभर मऊ घोटून घोटून त्याचं दुखणं झाकत बसलो. आणि मी, जी इतके दिवस त्यांच्यावर ओरडत होते, ती म्हणायला लागले, थांबा जरा. औषध देऊन बघू. वय बघा त्याचं. हृदय बघा. उगाच आपल्या मनाच्या समाधानासाठी त्याला तिथे झोपवायचं आणि तो उठला नाही तर?

"तुझा पाय कायम ब्रेकवर," ते म्हणाले.

"म्हणूनच माझा एकही शिकाऊ अजून दवाखान्यात गेला नाही."

"अगं, पण गाडीत बसलेल्याला दुखत असेल तर?"

मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. लेक परगावी गेली तेव्हा मी रडले नव्हते. घरात मुकादम होता. तो टेबलावर झोपलेला आणि कुणीतरी येऊन 'सॉरी' म्हणतंय, हे चित्र मला गाडी चालवतानाही दिसायला लागलं होतं.

आणि मुकादम मागच्या खोलीत जाईना. उंबऱ्याशी यायचा, पोत्याकडे बघायचा आणि परत फिरायचा. कवळीवाल्यांनी हाक मारली की कान मागे. ते रबरी वाटी घेऊन स्वयंपाकघरात यायचे, खाली ठेवायचे आणि लांब जाऊन उभे राहायचे, मगच तो खायचा. एवढा मोठा माणूस फ्रिजच्या आडोशाला उभा राहून मांजर जेवतंय का बघतोय, हे बघून मला हसूही यायचं आणि नकोसंही व्हायचं.

शेवटी मी एकटी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, साच्याचंही. ती हसेल वाटलं होतं. तिने तो चिमुकला जबडा हातात घेतला, खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून पाहिला.

"काकांना सांगा, परत असं करू नका," ती म्हणाली. "पण हे बरोबर वाचलंय त्यांनी."

"मला एकच सांग. तुझं मांजर असतं तर?"

तिने जबडा पुन्हा एकदा फिरवून पाहिला. शिकताना वळायच्या आधी ही दोनदा बघायची. मागची गाडी हॉर्न वाजवून वाजवून थकायची, ही दोनदा बघितल्याशिवाय वळायची नाही.

"माझं असतं तर आधी हृदयाची सोनोग्राफी आणि रक्त तपासलं असतं. ते ठीक निघालं तर दात काढले असते. सुळे वाचवायच्या मागे लागले नसते. मांजराला दातांची हौस नसते, तोंड दुखलं नाही की बास. दात नसलेली मांजरं मजेत खातात. आणि भूल देताना माझे हात थरथरले असते."

"आणि माझ्या मांजराला देताना?"

"तेव्हाही थरथरतील. पण काम करताना नाही."

त्या वाक्यावर मी हो म्हटलं. लेकीला फोन करून सांगितलं, मोठं शहर नाही, सुळे वाचवणं नाही. हृदय बघणार आणि दुखतंय ते काढणार. ती म्हणाली, "आई, त्याला माझ्याकडून डोक्यावर थोपट." आपली मुलगी शहाणी आहे हे कधीकधी अगदी वेळेवर कळतं.

तपासण्या झाल्या. हृदय फार चांगलं नव्हतं, फार वाईटही नव्हतं. "इतपत चालेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणाली. काय म्हणायचं तिला ते माझं अजून ठरत नव्हतं.

ठरलेल्या सकाळी त्याला उपाशी नेला. पिंजऱ्यातून सबंध रस्ताभर शिव्या देत होता. दवाखान्यातल्या बाकावर कवळीवाल्यांना बसवेना. भिंतीवर मांजराच्या जबड्याचं मोठं चित्र होतं. म्हणून आम्ही बाहेर गाडीत जाऊन बसलो. मी सवयीने माझ्या जागेवर, जादा ब्रेक असतो त्या बाजूला. मग उरली शिकाऊची जागा, तिथे ते. त्यांना गाडी येत नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोरच्या भिंतीकडे बघत ते बसले होते.

"सैल धरा," मी म्हटलं. "गाडी बंद आहे."

"तुझाही पाय बघ," ते म्हणाले. माझा पाय ब्रेकवर दाबून धरलेला होता.

फोन वाजला तेव्हा त्याच्यावर डॉक्टरीणबाईंचं नाव बघून माझी दातखीळ बसली. कवळीवाल्यांनीच तो माझ्या हातातून घेतला आणि मोठ्या आवाजावर टाकला.

"तो ठीक आहे," ती आधी तेच म्हणाली. "मागचे सगळे खराब दात काढले. आता वरचे सुळे. उजव्याचं मूळ गेलेलं आहे. डावा आज चांगला दिसतोय, पण एखाद्या वर्षात तोही जाऊ शकतो. आत्ताच काढला तर पुन्हा भूल द्यायला नको. पण त्याचे ठोके जरा मंदावलेत, मला लवकर आटपलेलं बरं वाटेल. काय करू? मला आत्ता सांगा."

मागे कुठलंतरी यंत्र टिक टिक करत होतं. ते मुकादमचं हृदय होतं.

कवळीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोनवर वाकून त्यांनी विचारलं, "डावा दुखतो का हो?"

"आज नाही."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जन्मात कुणाला असं पटकन सांगितलं नसेल. "दुखतोय तेवढाच काढ," मी म्हटलं. "उद्याचं उद्या बघू. तेवढा काढ आणि उठव त्याला. बाळा, त्याला उठव."

"हो मॅडम," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

त्यांनी स्टिअरिंग सोडून माझा हात धरला. प्लास्टरने कायम कोरडा असलेला खरखरीत हात. मला त्या वेळी एकच कळत होतं, की तो उठला नाही तर हे मला काही म्हणणार नाहीत आणि मी त्यांना काही म्हणणार नाही, आणि घर गप्प होऊन जाईल.

मग दवाखान्याचं दार उघडलं. ती स्वतःच बाहेर आली, टोपी हातात, केस विस्कटलेले, आणि गाडीकडे बघून तिने मान हलवली. हो अशी. "उठलाय," तिने काचेतून सांगितलं. "आणि मला बोचकारलंय."

मी गाडीतून उतरून तिला मिठी मारली. रस्त्यावर, लोकांसमोर. आरशाचं तेव्हाच माफ केलं.

मुकादम घरी आला तो एका सुळ्याचा. उजवीकडचा ओठ जरा आत गेलेला, त्यामुळे कायम कुणाची तरी थट्टा करतोय असा चेहरा. पहिले दोन दिवस कपाटाखाली बसून राहिला. औषध द्यायला मी जायचे. कवळीवाल्यांनी जवळ जायचंच सोडलं होतं. "माझा हात दिसला की त्याला तोच चमचा आठवत असेल," ते म्हणायचे. घोटलेली वाटी फरशीवर सरकवायचे आणि मागे व्हायचे. मी म्हटलं, मांजर आहे, विसरेल. ते म्हणाले, "मांजर आहे, म्हणूनच विसरणार नाही."

हिरड्या भरून आल्या. एक दिवस त्याने माझ्या पिशवीतलं दाण्यांचं पाकीट फोडलं आणि कोरडे दाणे तसेच गिळले, न चावता. लेकीला त्याचा फोटो पाठवला. तिने उलट लिहिलं, आजोबांसारखा दिसतोय. पण मागच्या खोलीत काही तो गेला नाही.

मग एका सकाळी माझा शिकाऊ आला नाही, म्हणून मी मागच्या खोलीत दाराशी चहा पीत बसले होते. कवळीवाल्यांनी प्लास्टर कालवलं होतं, साचा एका हातात, वाटी दुसऱ्या हातात. मुकादम आला. उंबऱ्याशी थांबला नाही. पोत्यावरून टेबलावर चढला, मेणाच्या तुकड्यांमधून वाट काढत त्यांच्या हातापाशी गेला, आणि गाल त्यांच्या मनगटावर दाबून कानापर्यंत घासला. मग वळला आणि दुसरा गाल घासला. उजवा. जोर लावून, डोळे मिटून, परत परत.

कवळीवाले हलले नाहीत. वाटी तशीच धरून बसले.

"हे त्याने शेवटचं कधी केलं होतं गं?" त्यांनी हळूच विचारलं.

मला आठवेना. पूर्वी तो हे रोज करायचा. त्यांच्या हातांना, माझ्या पायांना, दाराच्या चौकटीला. मग केव्हातरी करेनासा झाला आणि आम्ही म्हटलं होतं, वय झालं, जरा तुसडा झाला, माणसांचा कंटाळा आला असेल. त्याला कंटाळा आला नव्हता. आम्हाला गाल लावला की त्याला दुखत होतं.

कवळीवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मुकादमचं होईपर्यंत त्यांनी हात काढून घेतला नाही. वाटीतलं प्लास्टर घट्ट होऊन गेलं. ते त्यांनी टाकून दिलं आणि नवं कालवायला घेतलं.